चावी काठावर, होडी पाण्यात

चूक माझीच होती. होडी पाण्यात बंद पडली, तेव्हा तिच्या बॅटरीच्या पेटीची चावी काठावर माझ्या खिशात होती. तरीही मी दोष आमचे फिटर सलीमभाई यांना दिला.

सुप्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणी पंपांचे सांगाडे ही आमची कामं. होडी पहिलीच. पारनेरचे निवृत्त शिक्षक शिंदे सर धरणाच्या बॅकवॉटरवर पक्षी बघतात. उभं राहून वल्हवायचे दोन पॅडलबोर्ड त्यांच्याकडे होते. ते शेजारी-शेजारी जोडायचे, म्हणजे त्याचं कॅटामरान, दोन तळांची होडी, होते. वर शीड, मागे दोन इलेक्ट्रिक मोटरी. इंजिन नको, आवाजानं पक्षी उडतात.

ॲल्युमिनियमच्या पाइपांनी बोर्ड जोडले, मधोमध डोलकाठी उभी केली. बॅटरी आणि फ्यूज वॉटरप्रूफ पेटीत ठेवून मी तिला कुलूप लावलं. शॉपमध्ये प्रत्येक पॅनेलला कुलूप असतं, चावी माझ्याकडे. वीस वर्षांची सवय.

"साहेब, पान्यात कोन चोरायला येनार हाय?" सलीमभाई म्हणाले.

"नियम म्हणजे नियम."

"बरं. माशांनाबी सांगून ठेवतो."

ट्रायलला तेच गेले. पोहता येत नव्हतं, पण लाइफ जॅकेट होतं. जाताना शिडानं होडी झकास पळाली. परत यायला वारा समोरून होता, म्हणून त्यांनी शीड उतरवून मोटरी चालू केल्या. थोड्या वेळात होडी थांबली. मग मागे, खोल पाण्याकडे सरकू लागली. सलीमभाई वल्हं मारत होते, पण वारा त्यांना जुमानत नव्हता.

माझा फोन वाजला.

"पंख्यात शेवाळ गुतलं, फ्यूज उडला. चावी कुठं ठिवली?"

मी खिसा चाचपला. "माझ्याकडे आहे."

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच. टेस्टर हाय माझ्याकडं."

पेटीच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरूनच होते. भिजलेल्या हातांनी त्यांनी ते टेस्टरनं काढले, झाकण उलट्या बाजूनं उचकटलं, शेवाळ सोडवलं, आतला जादा फ्यूज बसवला. मोटरी गुणगुणल्या तेव्हा मी काठावरच्या चिखलात मटकन बसलो. इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असेल.

होडी काठाला लागत असताना तिथं आलेल्या शिंदे सरांनी विचारलं, "नेमकं काय झालं हो?"

"फिटरनं कमी अँपिअरचा फ्यूज टाकला असणार, म्हणून उडाला," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं, कळलं नाही.

सलीमभाईंनी ते ऐकलं. ते जॅकेटचे पट्टे सोडत राहिले. होडी टेम्पोत चढवून आम्ही सुप्याला परतलो.

यातून तांत्रिक धडा एवढाच: पाण्यावरची पेटी हातानं उघडणारी हवी, आणि प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज. आम्ही आता तसंच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत सगळे जमले होते. मी शिंदे सरांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"सर, काल मी खोटं बोललो. फ्यूज बरोबर होता. कुलूप मी लावलं आणि चावी घेऊन काठावर उभा राहिलो. सलीमभाई स्वतःच्या अकलेनं परत आले." मग त्यांच्याकडे वळलो. "सलीमभाई, तुमचा जीव मी धोक्यात घातला आणि वर नावही तुमचंच घेतलं. मला माफ करा."