आधी गावाला सांगणाऱ्या निखाडे बाई

मृदाशास्त्र विभागात मी नव्याने रुजू झाले, तेव्हा डॉ. मालती निखाडे यांची पहिली भेट विभागाच्या पोर्चमध्ये झाली. बाई जीपमध्ये खुरपी, बादल्या आणि कापडी पिशव्या ठेवत होत्या. मी ओळख करून दिली. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माझे जुने बूट आत आहेत, ते घाला. नाल्यावर जायचं आहे." स्वागत एवढेच. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले, तर आधी तो नालाच डोळ्यांसमोर येतो.

नागपूरबाहेरच्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन तो वाहत असे. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, तरी नाल्याला पाणी असे. म्हणून काठावरच्या एका गावाने त्यावर पंप बसवले होते. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर असा हिरवागार भाजीपाला तिथून रोज शहरात येई. बाईंना त्या हिरवेपणाची शंका आली होती. आम्ही माती, पाणी आणि भाजी तिन्ही तपासले. पालकात शिसे आणि कॅडमियम सापडले. आपल्या हाती मोठे संशोधन लागले, या आनंदात मी अहवाल घेऊन धावत गेले. बाईंनी तो शांतपणे वाचला. "नमुने पुन्हा आणा, पुन्हा तपासा," त्या म्हणाल्या. "आणि हे आकडे कुणाच्या तरी ताटात आहेत, तेवढं ध्यानात ठेवा." दुसऱ्या तपासणीतही तेच निघाले.

आता हे आधी कुणाला सांगायचे, हा प्रश्न होता. विभागातल्या काहींचे मत होते की शोधनिबंध छापावा, पुढचे काय ते सरकार पाहील. एका वार्ताहरालाही कुणकुण लागली होती आणि त्याला गावाचे नाव हवे होते. बाई त्याला म्हणाल्या, "नाल्याचं लिहा, कारखान्यांचं लिहा. गावाचं नाव मी गावाला विचारल्याशिवाय देणार नाही." मात्र भाजी खाणाऱ्या शहराचा हक्कही त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून उशीर न करता दुसऱ्याच दिवशी आम्ही गावात गेलो.

मारुतीच्या देवळासमोर माणसे जमली. बाई मूळच्या सावनेरकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी आडवळणाने काही सांगितले नाही. भाजी कितीही धुतली तरी हे जात नाही, कारण ते मुळांतून पानात चढते, असे सांगितले. श्रावणजी नावाचे वयस्क शेतकरी उठले. "आमी हेच खाऊन राहिलो इतकी वर्सं. आमाले काई झालं नाई. तुमी काहून भेव दाखवून राहिल्या?"

बाई म्हणाल्या, "दादा, आज काई दिसत नाई, हेच तं त्याचं वाईट हाये. ते हाडात, गुर्द्यात हळूहळू साचते. लहान लेकराले आन् पोटातल्या लेकराले आधी बाधते."

श्रावणजींच्या पत्नी इंदिराबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. त्या जागेवरूनच नवऱ्याला म्हणाल्या, "आजपासून आपल्या घरी हा पालक शिजनार नाई. मंग जे आपल्या लेकराले चारत नाई, ते दुसऱ्याच्या लेकराले कसं इकावं?" श्रावणजी खाली बसले. संध्याकाळी त्यांनी उभ्या पालकावर नांगर फिरवला. मग एकेक करून इतरांनीही फिरवला. बाई बांधावर उभ्या राहून ते पाहत होत्या.

बाईंचे खरे काम तिथून पुढचे आहे. खाण्यात न येणारे पीक म्हणून त्यांनी झेंडू सुचवला, रोपे मिळवून दिली. पहिल्या वर्षी ऐन तोडणीत पाऊस आला आणि फुले वावरातच सडली. गावाने बाईंना बोल लावले. त्या मुद्दाम गावात गेल्या आणि ओट्यावर बसून सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या वर्षी लावणी उशिरा केली, तेव्हा फुले साधली. नंतर काहींनी कपाशी घेतली. सांडपाणी बंद व्हावे म्हणून गावातल्या बायकांना घेऊन बाईंनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका साहेबांनी "तुम्ही प्राध्यापक आहात, आंदोलन कशाला करता?" असे विचारले. बाई म्हणाल्या, "मी माती शिकवते, साहेब. ती नासत असताना काय शिकवू?" अखेर सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचे नाही, असा आदेश निघाला. त्याला फार वर्षे लागली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगते. माझे वडील इस्पितळात होते, तेव्हा माझे सगळे तास बाईंनी घेतले आणि मला कळूही दिले नाही. मी आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "बाबांना काय खायला चालतं ते सांगा." रोजचा डबा त्यांच्या घरून सुरू झाला. त्यात भाजीसोबत पथ्याची एक चिठ्ठीही असे, कारण डॉक्टरांना त्या स्वतः विचारून आल्या होत्या.

आता बाई नागपूरच्या बेसा भागात राहतात. गुडघे कुरकुरतात, पण कुणी मातीची पुडी घेऊन आले की चष्मा शोधू लागतात. मागच्या महिन्यात आम्ही दोघी त्या गावी गेलो होतो. नाल्याचे पाणी बरेच निवळले आहे. इंदिराबाईंनी विचारले, "बाई, आता पालक लावू का?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. "पानी सुधारलं, माती अजून नाई. आपल्या हयातीत सुधरंल असं वाटत नाई, इंदिराबाई." मृदाशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा हा अंदाज बरोबरच असणार, कारण बाईंचे अंदाज सहसा चुकत नाहीत.

तरीही त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या वतीने माझे मागणे एवढेच आहे, की हा एक अंदाज खोटा ठरताना पाहता यावा, इतके दीर्घ आणि निरामय आयुष्य निखाडे बाईंना लाभो.