टाचांवर सोडलेला भार

सर्व भाविकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सांगवीच्या भजनी मंडळाचा पखवाजवादक, म्हणजे अस्मादिक, सहा महिने जमिनीवर बसू शकत नव्हता. ही बातमी वर्तमानपत्रात आली नाही, हा दोष त्यांचा.

कमरेची शीर धरली होती. मांडी घातली की डाव्या पायातून कळ निघायची. तरुणपणापासून दर गुरुवारी देवळात पखवाजाला बसणारा मी आता प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचो. आमचे मुख्य गायक तात्या म्हणायचे, "आबा, खुर्ची लई शोभती तुमाला. सरपंच वाटताय." मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. पखवाजाला लावायची कणीक बायको गुरुवारी पूर्वीसारखीच मळायची आणि मुकाट्याने दुसऱ्या वादकाकडे पाठवायची. एकदा मोबाईलवर बघून मी पद्मासन घातले. ते सोडवायला शेजारच्या दोघांना बोलवावे लागले. त्या दिवशी देवाशी माझे कडाक्याचे भांडण झाले. तुझ्याच पुढ्यात बसायचे, तर तुला तेवढीच शीर सापडली?

इंदापूरला कोणी कंबर चोळून बरी करतो असे कळले, म्हणून एसटीने गेलो. त्याच्या दाराला कुलूप. स्टँडवर परतलो आणि खांबाला टेकून उभा राहिलो, कारण बाकावर बसले तरी कळ यायची. शेजारी डाळिंबांची पाटी घेऊन एक म्हातारी पाय मागे दुमडून टाचांवर बसली होती. ताठ, पण कुठेही ताण नाही.

"बसा की," ती म्हणाली.

"बसता येत न्हाय, मावशी. कंबर हाय."

"कंबर समद्यांनाच हाय. असं बसून बघा." तिने पोत्याची घडी माझ्याकडे सरकवली.

योगवर्गात याला वज्रासन म्हणतात. मी गुडघे टेकले, घडी टाचांवर घेतली, पण दोन्ही हात जमिनीवर रोवून अंग वर उचलूनच धरले. म्हातारीच्या नजरेतून ते सुटले नाही.

"बसायचं बी अन् धरायचं बी? सोडा की अंग. भुई कुठं पळून जात न्हाय."

सोडले. कळ येणार म्हणून डोळे घट्ट मिटले होते. ती आली नाही. पाठ आपोआप सरळ झाली, श्वास पोटापर्यंत उतरला आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागले. माझी बारामतीची एसटी लागली, भरली, निघून गेली. मी उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन म्हातारीच्या पाया पडलो. तिने मला ओळखले नाही. दोन किलो डाळिंबे मात्र गळ्यात मारली, त्यांतली चार किडकी निघाली. देव कोणत्या रूपात येतो, यावर मी वाद घालत नाही.

डॉक्टरांना विचारून रोज जेवणानंतर थोडा थोडा वेळ बसू लागलो. गुडघे दुखणाऱ्यांनीही आधी विचारावे. माझे पोट हलके झाले, कंबर हळूहळू सैलावली. खरा फरक मनात पडला. आजवर मी देवापुढेही हात रोवूनच बसत होतो. तुझ्यावर भार टाकला म्हणायचो आणि पेलत राहायचो मीच. भार टाकायचा म्हणजे आधी आपले हात उचलावे लागतात, हे मला इतक्या भजनांनी कळले नव्हते.

मग एका गुरुवारी खुर्ची ओलांडून पुढे गेलो, टाचांवर बसलो, पखवाज समोर आडवा घेतला. पहिला अभंग भीतीतच गेला. दुसऱ्याला बोटे आपली आपण चालू लागली. शेवटचा गजर संपला, तरी मी तिथेच होतो. तात्या माझ्याकडे नुसते बघत राहिले. आणि चारचौघांत माझ्याशी कधी चकार शब्द न बोलणारी माझी बायको बायकांच्या घोळक्यातून मोठ्याने म्हणाली, "अगं बया, बसल्यात की आमचं मालक."