मिरवणुकीने शाळेत

मुलीला शाळेत घालायच्या आधी मी तिची तयारी करून घेतली होती. जुन्नरच्या कचेरीतून एस.टी.ने येडगावला आलो की ओसरीवर शाळा भरवायची. मी गुरुजी, ती विद्यार्थिनी. हजेरी, प्रार्थना, पाटीवर चार रेघा, सुट्टी. मुलं कशी वाढवावीत यावरची दोन पुस्तकंही मी वाचली होती. मुलांना नव्या गोष्टीची आधी ओळख करून द्यावी, असं दोन्हीत होतं. लिहिणाऱ्यांची मुलं बहुधा वेगळी असावीत. आमच्या खेळात सुट्टीची घंटा झाली की ती दर वेळी विचारायची, "न्यायाला कोन येनार?"

"मी."

"नक्की?"

"नक्की."

मान हलवायची आणि पुन्हा तेच विचारायची.

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे तिच्या तात्याने, घरचा थकलेला बैल बेल्ह्याच्या बाजारात विकायला काढला. सकाळी त्याला धुतलं, शिंगांना तेल लावलं. माझ्या बायकोने कुंकू लावून ओवाळलं, भाकरी चारली. तो टेम्पोत चढत नव्हता. पोरीने विचारलं, "कुटं चाललाय?"

"बाजार बगाया," भाऊ म्हणाला. "सांजच्याला येतोय की माघारी."

सांजच्याला भाऊ आला तो खांद्यावर बैलाचं दावं टाकून. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घरी आणतात. ते गोठ्यातल्या खुंटीला लागलं. पुढे काही दिवस टेम्पोचा आवाज आला की पोर अंगणात पळायची. लहान मुलं विसरतात, असं आम्ही मोठ्या माणसांनी एकमेकांना सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या मुलांचं स्वागत वाजतगाजत करावं, असं त्या वर्षी वरून आलं होतं. वरून काही आलं की आमच्या मुख्याध्यापकांच्या अंगात यायचं. त्यांनी बैलगाडी सजवली, ताशा बोलावला आणि 'ज्ञानमंदिरात सहर्ष स्वागत' असा कापडी फलक रंगवून घेतला. ज्ञानमंदिराचे दोन पत्रे वळवाच्या वाऱ्याने उडाले होते. ते उडालेलेच होते. फलक मात्र नवा कोरा होता.

सकाळी बायकोने पोरीला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल चोपडलं, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या. कुंकू लावून ओवाळलं, तोंडात गूळ घातला. एरवी वेणी घालताना घर डोक्यावर घेणारी पोर खांबासारखी उभी होती. गूळ तिने गिळला नाही.

गाडी निघाली. शाळेच्या दारात हार घातले. पाहुणे तासभर उशिरा आले आणि देशाच्या भवितव्यावर बोलले. देशाचं भवितव्य तोवर उन्हात बसून चड्डीतच मोकळं झालं होतं.

मी निघालो तेव्हा तिने वेणीची एक रिबीन ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

"आप्पा, ही घरी न्या."

"अगं, सोडलीस कशाला?"

"दावं घरी न्यायाचं आस्तं."

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. म्हणालो, "बाळा, मी येणार आहे न्यायला. सांजच्याला तू घरी."

"तात्या बी तसंच म्हनलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मी रजा टाकली. वर्गात बसू द्या म्हणालो, तर मुख्याध्यापक हसले. "साहेब, तुमी शिकलेली मान्सं. पालक आत बसला की पोर सुदरत न्हाई." मग मी बाहेर लिंबाखाली बसायचो. ती खिडकीतून बघायची, मी हात हलवायचो. शाळा सुटली की घरी आणायचो. मला वाटायचं, शब्दावर भरवसा नसला तरी रोज घरी येण्यावर बसेल. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात ती पुन्हा रिबीन सोडून माझ्या हातात द्यायची. रोजच.

भावालाही राहवेना. एकदा तो तिला जवळ घेऊन म्हणाला, "बैल लई चांगल्या घरी पडलाय, पोरी. आपल्यापेक्षा जास्ती खातोय."

तिने विचार केला. "मला बी तितं लई खायाला भेटंल?"

भाऊ उठून गोठ्यात गेला.

रजा संपली. मी कचेरीत जाऊ लागलो, बायको तिला आणू लागली. काही आठवड्यांनी पोरीने रिबीन सोडणं बंद केलं. रडणं नव्हतंच. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. "रुळली बगा," शेजारीपाजारी म्हणाले. मलाही तसं म्हणून टाकायचं होतं.

एका शनिवारी मला कचेरीला सुट्टी होती. तिला पोचवायला मी गेलो. दारात वाकून म्हणालो, "आज मी येतो न्यायला. नक्की."

तिने माझ्या गालावर हात ठेवला. रडणाऱ्या धाकट्या पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "न्हाई आला तरी चालंल, आप्पा."

आणि दप्तर सावरून आत गेली. वळून बघितलं नाही. मुख्याध्यापक दारातच उभे होते.

"बगा," ते म्हणाले, "म्हनलं नव्हतं?"