विहिरीवरचा विणकर

वडगावात आमच्या समोर राहणारे अण्णा पॉवरलूमवर साड्या विणतात. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेत, त्यामुळं पक्षी बघायला गेल्यावर "हळू बोल रं" हेसुद्धा ते ओरडूनच सांगतात.

पावसाळ्यात आम्ही रोज सकाळी गावाबाहेरच्या विहिरीवर जातो. तिथल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबतात. नर घरटं विणतो, मादी तपासते, पसंत पडलं तरच राहते. अण्णा लष्करी कॅम्पातल्या बाजारातून आणलेल्या जुन्या दुर्बिणीतून पक्षी नव्हे, वीण बघतात. "डावीकडं ढिली पडलीया. नवा कारागीर असंल."

गेल्या श्रावणात एका मादीनं अर्धं घरटं आतून-बाहेरून पाहिलं, दोन काड्या ओढून बघितल्या आणि उडून गेली. घरी येऊन अण्णांनी माग बंद केला.

वीज असताना माग थांबला म्हणजे कुणीतरी गेलं, अशी आमच्या गल्लीची रीत. शेजारी धावत आले.

"कोण गेलं, अण्णा?"

"कोण न्हाय. माल परत आलाय."

"कुणाचा?"

"विहिरीवरल्याचा."

मला वाटलं, आता हसतील. पण कधी ना कधी प्रत्येकाची साडी व्यापाऱ्याकडून परत आलेली. एकेक करत सगळ्या गल्लीचे माग थांबले.

संध्याकाळी मी विहिरीवर जाऊन आलो आणि अण्णांना सांगितलं, की नर शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं विणतोय.

अण्णा चिडूनच उठले. "आम्ही हितं सुतक पाळतोय, आन् त्येनं नवा ताणा लावला बी," म्हणाले आणि माग चालू केला.