बहिरे मिस्त्री आणि पाचवा सुरुंग

बहिरे मिस्त्री रिकाम्या विहिरीत वाकून कुणाशी तरी बोलायचे. सुरुंगांच्या आवाजांनी दोन्ही कान गेलेले. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. पण भर दुपारी काठावर ओणवे होऊन "काय म्हणताय?" असं खाली विचारायचे आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

निपाणी-संकेश्वरच्या मधल्या एका गावात सरकारी विहीर पाडायचं काम निघालं, तेव्हा मी नवा ओव्हरसियर होतो. इंग्रजी अंमलात डिप्लोमा मिळवल्याचा ताठा अंगात होता. एकदा विचारलंच, "मिस्त्री, खाली कोण आहे?"

"माझी तीन माणसं हैत, सदलग्याच्या हिरीत न उडालेल्या सुरुंगानं गेलेली. मी उतरा म्हटलं, व्हय म्हणाली, उतरली. एकानं तरी न्हाय म्हणायचं हुतं. आता कुठल्या बी हिरीत वाकलो की बोलत्यात. तेवढंच ऐकू येतंय मला."

त्यानंतर मी त्या काठावर एकटा उभा राहायचं टाळू लागलो.

सुरुंग उडाले की मिस्त्री आपल्या मजुरांच्या टोळीतल्या प्रत्येकाला समोर उभं करून विचारायचे, "किती उडालं?" सगळ्यांचं एकदम जुळलं की खूश व्हायचं सोडून कुणा एकाला उलट बोलायला लावायचे. "भांड की रं जरा! घरात बायकोशी भांडतोस न्हवं?" मला हा सगळा वेळेचा खेळखंडोबा वाटायचा, आणि मी तसं तोंडावर सांगायचोही.

त्या दिवशी पाच सुरुंग भरले होते. वाती पेटवून माणसं वर आली, आम्ही लांब जाऊन बसलो. धडाधड आवाज झाले, धूर निघाला. मिस्त्रींनी टोळीला विचारायच्या आत मीच म्हणालो, "पाच. चला, उतरा." टोळीतले चौघेही "पाच" म्हणाले. त्यांच्यातला सगळ्यात जुना दत्तू, त्यानं तर उतरायला दोरही धरला.

मिस्त्रींनी त्याचा दंड पकडला. मग विहिरीत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"साहेब, तुमी बोलल्यावर ही न्हाय म्हणणार न्हाईत. आता तुमीच न्हाय म्हणा."

मी वैतागून म्हणालो, "बरं, नाही! चारच उडाले. पाचवा मागच्या टेकडीवरून घुमलेला आवाज." थट्टेत बोललो खरं, पण बोलता बोलता मलाच आठवलं, शेवटचा आवाज पाठीमागून आला होता. कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी सगळ्यांना मागं ढकललं. थोड्या वेळानं पायाखालची जमीन हादरली आणि विहिरीतून दगड उडाले.

पुढं त्या विहिरीला पाणी लागलं आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले. दोन वर्षांनी ते तापानं गेल्याचं संकेश्वरच्या बाजारात कळलं. घरातलं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांना खाली काय ऐकू आलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. पण त्या दुपारची मला आजही भीती वाटते ती त्यामुळं नाही. धुरळा बसल्यावर दत्तू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मी बी चारच मोजलं हुतं."

"मग पाच कसं म्हणालास?"

"तुमी पाच म्हणाला न्हवं."

मी बाकीच्या तिघांकडं पाहिलं. तिघांनीही माना खाली घातल्या.