सपाट रेघ न मानणाऱ्या बाई

“पाणी किती?”

खांद्यावरची पर्स खुर्चीला अडकवता अडकवताच बाई हा प्रश्न टाकायच्या. एकदा एका नव्या मुलाने भाबडेपणाने कूलरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “भरलाय, मॅडम.” बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “वा! म्हणजे तहानेनं तरी मरणार नाही आपण.”

आमची कंपनी खराडीतली. तेलाच्या आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी पुढे किती वर्षं किती देतील, याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. मी त्यातली प्रोग्रॅमर. विहीर मी फक्त पडद्यावर पाहिलेली. बाईंची मात्र उमर विहिरींवर गेली होती. गुजरातच्या तेलक्षेत्रांत त्यांनी इंजिनियर म्हणून नोकरी केली, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पुण्यात परत येऊन त्या आमच्याकडे सल्लागार झाल्या.

त्यांचा प्रश्न विहिरीतल्या पाण्याचा असायचा. जमिनीखाली तेलाच्या आणि वायूच्या तळाशी पाणी दबा धरून बसलेलं असतं. वरून उपसा सुरू झाला की आतला दाब उतरतो आणि ते हळूहळू वर सरकतं. आधी थोडंसं येतं, मग बरंच, आणि शेवटी विहीर नुसतं पाणीच ओकते. हे मला बाईंनीच समजावलं. नंतर म्हणाल्या, “विहीर एकदम मरत नाही गं. आधी तिला धाप लागते. ती ऐकायची कुणाला नसते, एवढंच.”

बाई मूळच्या खडकीच्या. वडील भंडाऱ्याकडून येऊन दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले होते. क्वार्टर्समध्ये वाढलेली ही मुलगी पुढे ड्रिलिंगच्या जागी गेली, तेव्हा तिथे बायकांसाठी वेगळी खोलीसुद्धा नव्हती. त्याबद्दल कधी विचारलं तर म्हणायच्या, “खोली नव्हती, पण विहीर होती. मी विहिरीसाठी गेले होते.” लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

ते दिवस भरभराटीचे होते. खराडीत रोज नवी इमारत काचा लेवून उभी राहायची. पेपरांत, टीव्हीवर एकच सूर होता, की आता आपलाच गॅस, आपलंच तेल, बाहेरून आणायची गरज उरणार नाही. डबा खाताना आमची एक मैत्रीण कौतुकाने म्हणाली, “मॅडम, आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस येतोय!”

“कुठून?”

“पाइपमधून.”

बाई मनापासून हसल्या. मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “त्या पाइपला दुसरं टोक पण असतं हो. कधीतरी तिकडे कुणीतरी बघायला पाहिजे.”

ते दुसरं टोक बघायची वेळ आमच्यावरच आली. समुद्राखालच्या एका मोठ्या वायुक्षेत्राचा अंदाज बांधायचं काम कंपनीला मिळालं. त्या गॅसच्या भरवशावर खतांचे कारखाने, वीज प्रकल्प उभे राहत होते. ज्यांनी काम दिलं होतं त्यांच्या माणसाने आमच्या मीटिंग रूममध्ये आलेख दाखवला. उत्पादन झपाट्याने वर चढतं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहतं, टेबलासारखी सपाट रेघ.

बाई उठल्या. मार्कर घेतला आणि त्या सपाट रेघेच्या सुरुवातीलाच एक उतार ओढला. तो सरळ खाली आला.

“मॅडम,” तो गृहस्थ हसत म्हणाला, “पाणी अजून खूप लांब आहे.”

“निघालंय ते,” बाई म्हणाल्या.

एसीचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

नंतर आमच्या साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. मी शेजारच्याच टेबलावर होते. “मॅडम, जरा पॉझिटिव्ह राहू या ना.”

“मी पॉझिटिव्हच आहे. घट होणार, याबद्दल अगदी पॉझिटिव्ह.”

“असा रिपोर्ट गेला तर त्यांचं पुढचं काम आपल्याला मिळणार नाही.”

“मग निदान हे तरी नीट करू.”

रिपोर्ट गेला तो सपाट रेघेसकट. बाईंचा उतार शेवटच्या पानावर एका बारीक टिपेत उरला होता. त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. त्यानंतर त्यांच्याकडे काम येईनासं झालं आणि त्यांची जागा पँट्रीच्या दाराशी हलवली गेली. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “चहा जवळ आला.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. फटकळ आणि ताठ, आणि बरोबर ठरण्यातच त्यांना सुख वाटतं असा आपला समज. माझाही तसाच होता. पण एका रविवारी मी खडकीला त्यांच्या घरी गेले आणि तो समज तिथेच संपला.

बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही बसलो होतो. तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण आणि भाचा आले. हा भाचा बाईंचा जीव की प्राण. त्याच्या इंजिनियरिंगची सगळी तयारी त्यांनीच करून घेतलेली. बहिणीने पेढ्यांचा पुडा पुढे केला. “ताई, तोंड गोड कर. नोकरी लागली याला. वीज प्रकल्पात! नवा कोरा आहे, क्वार्टरसुद्धा देणार आहेत.”

बाईंनी पेढा हातात घेतला. “कशावर चालतो प्रकल्प?”

“गॅसवर, मावशी.” भाच्याने त्याच वायुक्षेत्राचं नाव घेतलं.

बाईंनी पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. “नको जाऊस.”

“अगं, करार झालाय मावशी. पुढच्या कित्येक वर्षांचा.”

“करार कागदावर आहे, बाळा. गॅस खडकात आहे. खडकाने सही केलेली नाही.”

भाचा हसला. बहीण हसली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. “ताई, आमच्या घरात कधी नव्हे ते काही चांगलं घडतंय. तेही बघवत नाही का तुला?”

त्या दोघांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, तरी बाई दाराकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “या वेळी माझं चुकू दे.”

भाचा नोकरीवर गेला. वर्षभरात त्याचं लग्न झालं. बाई हॉलच्या मागच्या रांगेत बसल्या आणि फुलं टाकून, न जेवता परतल्या. बहिणीने थांब म्हटलं नाही. पुढे त्याला मुलगी झाली, ती बातमी बाईंना शेजाऱ्यांकडून कळली.

ऑफिसात मात्र त्या रोज सकाळी त्या वायुक्षेत्राचे आकडे उघडायच्या. मी मागून बघायची. आकडा चढला की त्यांचे खांदे सैल पडायचे. स्वतःचा अंदाज खोटा ठरतोय म्हणून सुखावलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग आकडा चढायचा थांबला. काही दिवस तसाच राहिला आणि घसरायला लागला. दुरुस्ती चालू आहे, असं सांगितलं गेलं. मग तांत्रिक अडचण आहे, असं. विहिरी एकेक करून बंद व्हायला लागल्या, कारण त्यांतून पाणी आणि वाळू येत होती. उतार जवळपास तिथूनच गेला, जिथून बाईंनी मार्करने ओढला होता.

साहेब स्वतः पँट्रीच्या दाराशी आले. “मॅडम, तुमचं बरोबर होतं.”

“मग काय करू?” बाई म्हणाल्या. “पेढे वाटू?”

भाच्याचा प्रकल्प बंद पडल्याचं कळलं तसं त्या मला म्हणाल्या, “माझ्याबरोबर येतेस? एकटीने जायला मला जमणार नाही.” त्यांच्या तोंडून असं वाक्य मी प्रथमच ऐकत होते. आम्ही लांबचा प्रवास करून त्या समुद्रकाठच्या गावी पोचलो.

भाचा वाळला होता. बहुतेक लोक सोडून गेले होते. वसाहतीत निम्म्या घरांना कुलपं होती. त्याने आम्हाला आत नेलं. एवढं मोठं यंत्रघर, पण फक्त आमच्या पावलांचे आवाज भिंतींवर आपटून परत येत होते. एका टोकाला टर्बाइन अगदी सावकाश फिरत होतं.

“हे कशाला फिरवता?” मी विचारलं.

“बारक्या मोटरवर फिरवत ठेवावं लागतं. नुसतं पडून राहिलं तर त्याचा दांडा स्वतःच्या वजनानेच वाकतो.” मग तो बाईंकडे वळला. “मावशी, गॅस परत येईल ना?”

बाईंनी त्याच्या गालावर हात ठेवला. “बॅग भर. मी तुम्हाला न्यायला आलेय.”

“आणि हे कोण फिरवणार?”

त्याने बॅग भरली नाही. बायको आणि लेकीसह तो आम्हाला स्टेशनवर सोडायला मात्र आला. त्या चिमुरडीने पहिल्यांदाच पाहिलेल्या आजीच्या गळ्यात हात टाकले, ते गाडी सुटेपर्यंत काढले नाहीत.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. आजार छोटा होता, पण त्यांनी अंगावर काढला. त्यानंतर भाचा पुण्याला परत आला आणि आता खराडीतच कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. यंत्राशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. बहीण मला एकदा बाजारात भेटली. भाजीची पिशवी धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग निघून गेली.

पण बाई आठवतात तेव्हा मला त्या परतीच्या गाडीतल्याच दिसतात. रूळ प्रकल्पाला वळसा घालून जात होते. बाईंनी खिडकीची काच वर केली आणि दोन उंच धुराड्यांकडे बोट दाखवलं.

“गॅसच्या प्रकल्पाला धूर नसतो,” त्या म्हणाल्या. “तो चालू आहे हे लांबून कसं ओळखायचं, माहितीये? धुराड्याच्या तोंडावरची हवा थरथरते. पलीकडचं आकाश हलताना दिसतं.”

मी वाकून पाहिलं. आकाश स्वच्छ निळं होतं. एक घार डाव्या धुराड्याच्या काठावर येऊन बसली, तिने पंख मिटले आणि ती तिथेच बसून राहिली. बाई मान वळवून, डोळ्यांची पापणीही न हलवता, त्या धुराड्यांवरच्या हवेकडे बघत होत्या.