शुक्रवारच्या सभेतलं माझं वचन

“तू चहा टाक गं. तुला वाचायला वेळ लागतो, लोक ताटकळतात.”

बाई सगळ्यांसमोर बोलल्या. माझ्या मांडीवर बायबल उघडं होतं, बोट वचनावर ठेवलेलं. कुणीतरी हसलं. मी उठले.

दौंडला या बाईंच्या घरी मी धुणंभांडी करायचे. बाई शाळेतून रिटायर झालेल्या. दर शुक्रवारी त्यांच्याकडे आमच्या चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा. गोल बसायचं, एकेकानं एकेक वचन वाचायचं, ही रीत. माझा नंबर जवळ आला की बाईंना चहा आठवायचा. मी चौथी शिकलेली, न्हावरे गावच्या शाळेत. अडखळते, पण वाचते. त्यात लाजरी. म्हणून उठत राहिले.

बाईंचा आजा आणि माझा आजा एकाच गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्माही बरोबरच घेतलेला. त्यांचा आजा मिशनच्या बोर्डिंगात शिकला. माझा पाटलाची गुरं राखत राहिला. एवढाच फरक. पण केवढा.

त्या दिवशी बायबलातलं, प्रेषित पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र होतं. छोटं आहे, लवकर आटपेल म्हणून. स्वयंपाकघरात ओट्यापाशी मला सगळं ऐकू येत होतं. अनेसिम नावाचा गुलाम धन्यापासून, म्हणजे या फिलेमोनापासून, दुरावला. तुरुंगातल्या पौलाला येऊन भेटला. पौल धन्याला लिहितो, याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे. नेमकं ते वचन बाईंच्या वाट्याला आलं. त्यांनी ते सावकाश, दोनदा वाचलं. सगळे आमेन म्हणाले.

लगेच बाहेरून बाईंची हाक आली, “झाला का गं चहा?”

मी ट्रे नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते पत्र घरी बसून वाचलं. शब्दाखाली बोट धरून. मला एक गोष्ट टोचली. पत्र सगळं अनेसिमबद्दल, पण त्याच्या तोंडचं एक वाक्य त्यात नाही. पौलाला काय वाटतं ते आहे. धन्यानं काय करावं ते आहे. अनेसिम काय म्हणाला, ते कुणी लिहिलंच नाही. चर्चचे पाळकसाहेब सांगतात, ही पत्रं विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला आहेत. मला धीर आला. बेड्यांतला पौल त्या धन्याला सुनावत होता. माझ्या हातात तर बेड्या नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही.

“आज नंबर माझा हाय, बाई. चहा मागनं.”

पौलानंच रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवट होता. माझ्या वाट्याला नुसती नावं आली, यांना सलाम सांगा, त्यांना सलाम सांगा. परकी, जीभ अडकवणारी नावं. शेजारी बसलेली मला उच्चार सांगायला लागली. मी तिला हातानं थांबवलं. सगळी नावं मी वाचली. कुणी आमेन म्हटलं नाही.

सोमवारी बाईंनी दारातच सांगितलं, उद्यापासून कामाला येऊ नकोस, तुझ्या मनात गर्व शिरलाय.

काम गेलं. दुसरं मिळेल, नाहीतर खुरपायला जाईन. पण सभा बाईंची नाही, मंडळीची आहे. येत्या शुक्रवारी मी मागच्या नाही, पुढच्या दारानं जाणार, बायबल घेऊन. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन आणि माझं वचन तिथून वाचेन. मोठ्यानं. अडखळत.